उठवून सांगून जायचं

काका गाडी थांबवेनात.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधला कुठलातरी राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. कुठला ते विचारू नका, तिथे सगळे सारखेच दिसतात. माझा नव्या नोकरीचा इंटरव्ह्यू, मी घडी केलेला नकाशा मांडीवर धरून बसलेय आणि काकांची ती जुनी चौकोनी गाडी गोल गोल फिरतेय. आमचा एक्झिट आला की काका इंडिकेटर द्यायचे, मी सुटकेचा निःश्वास टाकायचे, आणि काका इंडिकेटर बंद करून पुढच्या फेरीला लागायचे.

"काका, एक्झिट! गेला!"

"थांब की जरा. आत्ताशी तो तिला खडकावर निजवतोय."

"काका, माझा इंटरव्ह्यू आहे!"

"होईल गं इंटरव्ह्यू. आग लावून होऊ दे. अर्ध्यात कसं सोडायचं?"

मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. काकांनी त्याला हात केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. कॅसेटवर एक जर्मन बाप आपल्या लेकीचा निरोप घेत होता, मग व्हायोलिनं तडतडायला लागली, बासऱ्या ठिणग्यांसारख्या उडाल्या, आणि खडकाभोवती आगीचं कडं तयार झालं. सगळं शांत झाल्यावर काकांनी खट्कन कॅसेट बंद केली, चष्मा काढून पुसला, आणि अगदी शहाण्यासारखा एक्झिट घेतला.

"चला," म्हणाले, "आता जा आणि जिंक."

नोकरी मिळाली मला! उशीर का झाला विचारल्यावर मी खरं ते सांगून टाकलं, आणि तो मॅनेजर इतका हसला की पुढचे प्रश्न त्याने सोपे विचारले असा माझा संशय आहे.

आता मी त्याच गावात राहते आणि तसेच राउंडअबाउट फिरून कामाला जाते. काका मिरजेला परत गेले. रोज सकाळी मी कोणालाही न उठवता घराबाहेर पडते, दाराला कुलूप लावते, आणि रोज, अगदी रोज, काहीतरी विसरून निघाल्यासारखं वाटतं. पर्स असते. किल्ल्या असतात. मग आठवतं काय राहिलं ते. म्हणून हे सगळं एकदाचं भराभर लिहून काढतेय.

तर काका कोण, ते आधी सांगते. माझे सख्खे काका नव्हेत. मी पुण्याहून आले ती स्लाऊच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पहिल्या नोकरीला, आणि आईची एकच अट होती, मराठी घरात राहायचं. कोणाच्यातरी ओळखीने पत्ता मिळाला. लंडनच्या कडेला, पिनरमध्ये एक मराठी डॉक्टर एकटेच राहतात, वरची खोली भाड्याने देतात. मी बॅग घेऊन दारात उभी, आणि दार उघडल्यावर माणसाचं पहिलं वाक्य काय? ये नाही, बस नाही.

"तोंड उघड."

"काय?"

"मोठं उघड. जीभ बाहेर. हं. मान मागे कर. छान. ये आत."

ते भूल देणारे डॉक्टर होते हे मला चहा होईपर्यंत कळलं नाही. घशात नळी सहज जाईल की नाही हे पाहिल्याशिवाय त्यांना समोरच्या माणसाची नीट ओळखच पटायची नाही. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा ते मनातल्या मनात तपासायचे. "त्या निळ्या साडीतल्या वहिनी," नंतर गाडीत हळूच सांगायचे, "अवघड केस. मान आखूड."

घरही तसंच. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, कढीपत्त्याचं झाड, आणि त्याच्या शेजारी हॉस्पिटलने टाकून दिलेला सलाइनचा स्टँड. त्याला बाटली लटकवून ते झाडाला थेंब थेंब पाणी द्यायचे. "धो धो घातलं की मरतं गं. त्याला इथलं हवामान मानवत नाही, हळूहळूच द्यायला पाहिजे." एवढी मेथी, एवढी कोथिंबीर, सगळी पेशंटसारखी रांगेत. आणि हॉलच्या कोपऱ्यात गवसणीत ठेवलेला मिरजेचा तानपुरा. काका मूळचे मिरजेचे. तानपुरे बनवणाऱ्यांच्या आळीला लागून त्यांचं घर, त्यामुळे लहानपणी सकाळ व्हायची ती तारा जुळवण्याच्या आवाजाने.

आणि या माणसाला वेड कशाचं? तर जर्मन ऑपेराचं. सगळ्या ऑपेराचं नाही हं, एकाच! चार संध्याकाळी चालणारा, देव, बुटके, राक्षस, सोन्याची अंगठी आणि जगाचा शेवट असलेला तो अवाढव्य ऑपेरा. तो ज्याने लिहिला त्याला काका नावाने हाक मारायचे नाहीत. "बुवा" म्हणायचे. "बुवांनी इथे काय केलंय बघ." आधी मला वाटलं, हे कुठल्यातरी भजनी मंडळाविषयी बोलतायत.

"तुम्हाला हे कुठे सापडलं?" मी एकदा विचारलं.

"ऑपरेशन थिएटरात. आणि कुठे?" काका म्हणाले. "मी नवीन आलेलो, उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात. तिथला सर्जन ऑपरेशन करताना कॅसेट लावायचा. भूल देणाऱ्याला काय काम? डोक्याशी बसायचं, श्वास बघायचा. एक दिवस त्यानं हे लावलं. पहिल्या रात्रीची सुरुवात. नुसता एक सूर गं! खालचा. कितीतरी वेळ हलतच नाही तो. सर्जन म्हणाला, ही नदी आहे. मी म्हटलं, नदी कसली, हा तर तानपुरा आहे. बाहेर बर्फ पडतंय, आणि मी मिरजेत!"

पण गाणं हे निमित्त. त्यांचा खरा जीव कथेवर. रविवारी जेवण झालं की गवसणी काढायची, तानपुरा मांडीवर घ्यायचा, आणि सरळ कीर्तन सुरू. श्रोते म्हणजे मी आणि कढीपत्ता. त्या देवांची अवघड नावं ते घेतच नसत. सगळ्यांत मोठा देव, ज्याने शहाणपणासाठी आपला एक डोळा दिला, तो "एकडोळे". बुटका अंगठीवाला तो "सोनार". कशालाच न भिणारा हिरो तो "पोर". आणि एकडोळ्यांची सगळ्यांत लाडकी मुलगी, घोड्यावर बसून रणांगणातले मेलेले वीर उचलून नेणारी, ती नुसती "लेक".

"आता ऐक, बुवांनी हे सगळं मनानं रचलेलं नाही," काका सांगायचे, आणि इथे त्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांसारखा व्हायचा. "पार उत्तरेला, समुद्रात एक बर्फाचं बेट. तिथल्या लोकांनी मध्ययुगात वासराच्या कातड्यावर ही गाणी लिहून ठेवली. आणि इकडे जर्मनीत तीच गोष्ट निराळी, त्यात राजवाडे, सरदार, मानपान. देव जवळजवळ गायबच. बुवांनी दोन्हीकडचं घेतलं. माणसं थोडी इकडची, देव तिकडचे. कीर्तनकार करतात की नाही, एक आख्यान इथलं, एक तिथलं, आणि उरलेलं पदरचं?"

"मग पदरचं कुठलं?"

या प्रश्नाची ते वाटच बघत असायचे. तानपुरा खाली ठेवायचे.

"बेटावरच्या गाण्यात ती एकडोळ्यांची लेक नाहीच. त्यांची सेविका. सांगितलं होतं त्याला सोडून तिनं भलत्याच राजाला जिंकवलं, म्हणून देव चिडला आणि त्यानं तिला काटा टोचला. झोपेचा काटा!" मग उजव्या हाताची बोटं सिरिंज धरल्यासारखी करायचे. "जगातलं पहिलं इंजेक्शन. आमच्या धंद्याचा मूळपुरुष तो. टोचलं, झोपवलं, संपलं. पण बुवा काय म्हणाले? नाही. ही त्याची पोटची पोर आहे. तिनं त्याची आज्ञा मोडली, पण ती मोडली त्याच्याच मनातलं ऐकून. आता शिक्षा तर द्यायला पाहिजे, आणि जीव तर तुटतोय. मग तो तिला जवळ घेतो, डोळ्यांची पापी घेतो, आणि त्या पापीनं ती झोपते. आगीचं कडं करतो, म्हणजे भलतासलता कोणी यायला नको. आणि जातो. काटा होता तिथे बुवांनी पापी घातली. एवढाच फरक. पण या फरकासाठी लोक तीन-तीनदा रडतात."

"मग ती उठते का?"

"उठते की."

"कधी?"

"पुढे," काका म्हणायचे आणि तानपुऱ्याला गवसणी घालायचे.

हे मला कळायचंच नाही. चार रात्रींतली दुसरी रात्र या आगीपाशी संपते. काका दर वेळी इथेच थांबायचे. तिसऱ्या रात्रीच्या कॅसेट्स त्यांच्याकडे होत्या, शेल्फवर, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेल्या. ऑपेरा हाउसला ते कितीदा गेले असतील, पण दुसऱ्या रात्रीचं तिकीट काढून. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो काका, अर्धीच गोष्ट किती वेळा ऐकायची?" तर म्हणाले, "माझ्यापुरती तेवढीच आहे."

आता खरं सांगते, ते कीर्तन कधी कधी फार लांबायचं. आठवडाभर स्लाऊला जाऊन-येऊन मी थकलेली असायचे. एकदा सोफ्यावर मी सरळ डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली, तोंड जरा उघडं ठेवलं. मस्त अभिनय! तानपुरा थांबला. मला वाटलं, जमलं. आणि हनुवटीखाली दोन बोटं आली.

"नाटक नको," काका म्हणाले.

"झोपलेय मी," मी डोळे न उघडता म्हटलं.

"झोपलेला माणूस श्वास सोडताना घाई करत नाही. जागा माणूस जपून सोडतो, कारण कोणीतरी बघतंय हे त्याला ठाऊक असतं. आणि पापण्या. आयुष्यभर हेच तर बघितलं गं मी. मला नाही फसवता यायचं."

दोघं हसलो. पण हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कामात त्यांचा एक नियम होता. ज्याने झोपवलं त्यानेच उठवायचं. पेशंटने डोळे उघडून स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय ते त्याच्याजवळून हलायचे नाहीत. ड्युटी संपली, ज्युनिअर आला, नर्स म्हणाली आम्ही बघतो, तरी नाही. "नाव सांगा" म्हणायचे, पेशंट बडबडत का होईना नाव सांगायचा, आणि मग "हं" म्हणून काका घरी. एकदा त्यांच्या हॉस्पिटलातली एक सिस्टर मला म्हणाली, तुझ्या काकांमुळे आमची चहाची वेळ कायम चुकते.

घरातला नियम त्याच्याच पुढचा. घरातून बाहेर पडताना दुसरा झोपला असेल तर त्याला उठवायचं. उठवून सांगून जायचं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भाड्याच्या आधी. मला हे भयंकर वाटायचं! पहाटेची शिफ्ट असली की मी कोट घालून त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक करायचे. आतून, "डोळे उघडलेत. बोल."

"काका, जाते."

"जाते नाही, येते म्हण. कुठे?"

"कामावर! आणखी कुठे जाणार या वेळी?"

"हं. ये."

एका हिवाळ्यात ते ऑन-कॉल करून सकाळी कधीतरी घरी आले होते, बूट काढायचीही ताकद नव्हती. मी निघाले तेव्हा बुटांसकट झोपलेले. मी दारापर्यंत गेले, हात वर केला, आणि म्हटलं, जाऊ दे ना, बिचारे. पांघरूण घातलं आणि गेले. चांगलंच केलं की नाही?

अकराच्या सुमाराला रिसेप्शनवरून फोन. तुझ्याकडे एक जेंटलमन आलेत. आवाज जरा दबका. मी खाली गेले तर काका! पायजम्यावर ड्रेसिंग गाउन, डोक्याला माकडटोपी, पायात घरातल्या सपाता. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटीत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लॉऱ्यांच्या मधून, बर्फातून आलेले. रिसेप्शनिस्टने त्यांच्यासमोर बिस्किटांची बशी ठेवली होती, पण जरा लांबून.

"काका! काय झालं? कोण गेलं?"

"तू गेलीस," काका म्हणाले.

मी त्यांना ओढत कार पार्कमध्ये नेलं. गाडीत बसवलं, हीटर लावला.

"झोपलेल्या माणसाला सोडून जायचं नाही. एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे."

"अहो, तुम्ही दमला होता! मला दया आली."

"दयाच येते," काका म्हणाले. "माझ्या आईलापण दयाच आली होती."

मग सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, वायपर चालू ठेवून. मिरजेहून निघाले तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत होती. परीक्षा द्यायच्या, दोन वर्षांत परत यायचं, एवढाच बेत. बायको बरोबर येणार, मुलगी आजीकडे. तेव्हाचे कितीतरी डॉक्टर असेच आले. निघायची वेळ पहाटेची. आई म्हणाली, "झोपलीय तोवर नीघ. उठली तर पायाला मिठी मारेल, मग तुझा पाय निघायचा नाही." त्या काळी सगळे असंच करायचे, शहाणपणाचं समजायचे. लेकरू झोपेत असताना निघायचं, म्हणजे रडारड नाही.

"मी वाकलो, डोळ्यांची पापी घेतली, आणि निघालो," काका म्हणाले.

काकूंनी इथे एक हिवाळा काढला आणि त्या लेकीसाठी परत गेल्या. काका राहिले. आधी परीक्षा, मग कन्सल्टंटची पोस्ट, मग मुलीची शाळा बदलायला नको, मग तिची दहावी. एका वर्षाआड हिवाळ्यात जायचे. "पहिल्या वेळी गेलो तर तिला सांगावं लागलं, हे बाबा म्हणून. तिनं नमस्कार केला. पाव्हण्याला करतात तसा."

मी म्हटलं, "बिस्किट आणू आतून?"

"आण," काका म्हणाले. "दोन आण."

त्यानंतर मी कधीही त्यांना न उठवता गेले नाही.

मग ताई आली. म्हणजे ती मुलगी. माझ्याहून थोडी मोठी, मिरजेत शाळेत फिजिक्स शिकवणारी. मे महिन्याच्या सुट्टीत, पहिल्यांदाच इंग्लंडला. काका आधीच्या आठवड्यात वेडेच झाले होते. पडदे धुतले, कढीपत्त्याला नवीन कुंडी, आणि एक दिवस किचनमध्ये येऊन माझ्यासमोर तीन तिकिटं ठेवली. ऑपेरा हाउस, रविवार, दुपारचा शो.

"तिसरी रात्र?" मी ओरडलेच.

"तिसरी." मान खाली. "लेक उठते त्यात. म्हटलं, एकदा बरोबर बघावं तिच्या."

ताई फार नीट मुलगी होती. नीटच, दुसरा शब्द नाही मला सापडत. काकांसाठी काकूंनी दिलेला मेतकुटाचा डबा काढून दिला, घर छान आहे म्हणाली, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला. "बाबा, तुम्हाला साखर किती?" असं विचारायची आणि काका असं काही सांगायचे, जसं तोंडी परीक्षेला बसलेत. जेवताना तिघांत मीच बडबड करत होते. मला वाटत होतं, या दोघांच्या मधोमध ते आगीचं कडं असं लख्ख दिसतंय आणि कोणीच त्याचं नाव काढत नाहीये.

रविवारी गेलो. काय सांगू! एवढी नटलेली माणसं, आणि इंटर्व्हलला काकांनी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि थर्मास काढला. ताईला लाजल्यासारखं झालं, मग तिने एक पुरी घेतली, मग चार. "आजीसारख्या झाल्यात," म्हणाली. काका म्हणाले, "तिच्याकडूनच शिकलो." एवढंच. पण तेवढ्यात मला वाटलं, होणार, काहीतरी होणार.

शेवटचा अंक. पोर आगीतून चालत जातं, वर खडकावर ती झोपलेली. पोर आयुष्यात कशाला घाबरलेलं नाही, आणि हिला बघून घाबरतं! मग ते तिला उठवतं. आणि ती उठते कशी म्हणून सांगू, आधी दोन सूर, मग लांबलचक शांतता, मग वाद्यं अशी हळूहळू वर चढत जातात, पहाट झाल्यासारखी. डोळे उघडून ती पहिला नमस्कार सूर्याला करते. अगदी आपल्यासारखं! मी काकांचा हात दाबायला वळले. काका स्टेजकडे बघतच नव्हते.

ते ताईकडे बघत होते. तिची मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. प्रवास, जागरण, पाच तासांचं जर्मन. कोणीही झोपेल.

मी हळूच म्हटलं, "झोपली वाटतं. उठवू?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "झोपलेली नाहीये."

बाहेर आलो तर अजून लख्ख उजेड. गाडीत ताई पुढे, मी मागे. कॅसेट लावली नव्हती. हॅरोच्या अलीकडे एक राउंडअबाउट आहे, तिथे पोचलो.

मग ताई म्हणाली, "तो बाप कुठे गेला शेवटी? तिला उठवायला का नाही आला?"

"तो नसतो तिथे," काका म्हणाले. "बुवांनी नाही ठेवला त्याला. वाटेत त्या पोराला भेटतो, पोर त्याचा भाला मोडतं, आणि तो जातो. उठवणारा दुसराच."

"हं."

आमचा एक्झिट आला. काकांनी इंडिकेटर दिला.

"बाबा, त्या दिवशी मी झोपले नव्हते," ताई म्हणाली.

एक्झिट गेला. इंडिकेटर तसाच टिकटिकत राहिला.

"आजीनं सांगितलं होतं. डोळे मीट, बाबा जाईस्तोवर उघडायचे नाहीत, नाहीतर बाबाला जाता येणार नाही. मी मिटून पडले होते. तुमच्या मिशा टोचल्या. मी हललेसुद्धा नाही. मला वाटलं, मी छान केलं तर तुम्ही लवकर याल."

आम्ही गोल फिरत होतो. मी मागे अंग चोरून बसले होते. एक गोष्ट माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागली होती आणि मला ती नको होती. पापण्या. श्वास. मला नाही फसवता यायचं.

"माहीत आहे," काका म्हणाले.

ताई वळली त्यांच्याकडे.

"पापण्या हलत होत्या तुझ्या. श्वास धरून ठेवला होतास. मला त्या वेळीपण कळायचं गं, तेच तर काम माझं."

"कळलं होतं?" तिचा नीटपणा पहिल्यांदाच गेला. आवाज चिरकला. "कळलं होतं आणि तरी गेलात?"

पुन्हा एक्झिट. पुन्हा गेला.

"एक शब्द बोललो असतो तर तू डोळे उघडले असतेस," काका म्हणाले. "तू डोळे उघडले असतेस तर मी गेलो नसतो. आणि मला जायचं होतं. फार जायचं होतं. आईनं सांगितलं म्हणून नाही. दया म्हणून नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही इतकी वर्षं. एकडोळ्यांनाच काय ते ठाऊक."

ताई रडत होती. मीपण, पण माझं कोणाला पडलं होतं? काका रडत नव्हते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून फिरवत होते, फिरवत होते. एका बसने आम्हाला हॉर्न दिला. काकांनी हात केला नाही.

किती फेऱ्या झाल्या देव जाणे. शेवटी ताईने नाक पुसलं, पदराने नव्हे, ऑपेराच्या प्रोग्रॅमच्या पुस्तिकेने, आणि म्हणाली, "बाबा, एक्झिट घ्या आता. मला चक्कर येतेय."

काकांनी घेतला.

सगळं त्या दिवशी नीट झालं असं नाही हं. ताई ठरल्या दिवशी परत गेली. पण उरलेल्या दिवसांत ती काकांशी भांडायला लागली होती. साखरेवरून, माकडटोपीवरून, सलाइनच्या स्टँडवरून. "हे काय, झाड आहे का पेशंट?" काका इतके खूश होते तिच्या रागावण्यावर! आणि निघायच्या दिवशी पहाटे तिने स्वतः त्यांच्या दारावर टकटक केली. मी माझ्या खोलीतून ऐकलं. "बाबा, डोळे उघडा. येते मी."

पुढच्या वर्षी मी मिल्टन कीन्सला आले. काका रिटायर झाले आणि त्यांनी घर विकायला काढलं. मंडळातले लोक म्हणाले, इतकी वर्षं इथे काढून आता तिथे काय करणार? काका म्हणाले, "तारा जुळवणार." कढीपत्ता मला दिला, स्टँडसकट. माझ्या एवढ्याशा फ्लॅटच्या खिडकीत तो उभा आहे, आणि मी थेंब थेंबच पाणी घालते, शपथ. तिसऱ्या रात्रीच्या कॅसेट्स मात्र ते घेऊन गेले. प्लॅस्टिक फाडलेल्या.

त्यांची फ्लाइट सोमवारची. रविवारी सकाळी मी गाढ झोपेत, आणि बेल. आणि बेल. आणि बेल! मी कशीबशी उठून, केस उभे, एका पायात मोजा, दार उघडलं. काका. डोक्याला माकडटोपी. मागे रस्त्यावर ती चौकोनी गाडी, इंजिन चालूच.

"अहो काका! पिनरहून इतक्या लांब? फोन करायचा ना!"

"फोनवर डोळे दिसत नाहीत," काका म्हणाले.

"आत या, चहा टाकते."

"नको. अजून बॅगा भरायच्यात. हे तुला सांगायला आलो. जातोय मी."

"जातो नाही, येतो म्हणायचं," मी म्हटलं.

त्यांनी दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली. निरखून बघितलं, एक डोळा, मग दुसरा.

"नाव सांग," म्हणाले.

मी सांगितलं.

"हं," काका म्हणाले. "येतो."